उताणी झोप, पालथा खेळ

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात बालरोग व फिजिओथेरपी विभागांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा आढावा सादर करावा, अशी येथील प्रथा आहे. नवी यंत्रे, शस्त्रक्रिया, वाढलेल्या खाटा यांची माहिती अहवालाच्या अन्य पानांवर आलेलीच आहे. आम्ही मात्र आजचा वेळ अशा एका गोष्टीसाठी मागून घेतला आहे, की जिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि एका धुतलेल्या सतरंजीपलीकडे खर्चही लागत नाही. जाग्या बाळाला दिवसातून काही वेळ पोटावर, म्हणजे पालथे ठेवणे, ही ती गोष्ट. इंग्रजीतून आलेला ‘टमी टाइम’ हा शब्द आपल्यापैकी काहींच्या कानांवर आला असेल. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही त्याला ‘पालथा खेळ’ म्हणतो. यातील ‘खेळ’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर घातला आहे. नुसते ‘बाळाला पालथे घाला’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात बाळाला पालथे झोपवण्याचे चित्र उभे राहते, आणि तसे झोपवणे धोक्याचे आहे. एका शब्दाच्या अभावी सल्ल्याचा अर्थ उलटा होऊ नये, एवढीच ही काळजी.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे शरीर क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. त्याचे डोके शरीराच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात हेच प्रमाण सातवा किंवा आठवा हिस्सा इतके उतरते. एवढे जड डोके आणि त्याला पेलणारी मान मात्र सुतासारखी नाजूक. गर्भाशयातील अडचणीच्या जागेत नऊ महिने काढल्यामुळे गुडघे पोटाशी घेतलेले, मुठी मिटलेल्या आणि पाठ धनुष्यासारखी एकाच बाकात वळलेली. या देहाला उलगडत नेऊन वर्ष-सव्वा वर्षात दोन पायांवर उभे करायचे असते. हे काम वरून खाली होत जाते. आधी मान, मग खांदे व छाती, मग कंबर आणि शेवटी पाय. ज्याने मान धरलेली नाही ते बाळ बसत नाही, ज्याची कंबर स्थिर झालेली नाही ते उभे राहत नाही.

पालथे ठेवलेले बाळ काय करते, हे जवळ बसून पाहण्यासारखे असते. पहिल्या काही आठवड्यांत ते फक्त तोंड एका कुशीला वळवते आणि नाक मोकळे करून घेते. आपल्याला ही हालचाल क्षुल्लक वाटते, परंतु त्या जिवाच्या दृष्टीने तो मोठाच पराक्रम असतो. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हनुवटी सतरंजीवरून सुटते, डोके थरथरत वर येते आणि पुन्हा खाली टेकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ कोपरांवर भार देऊन छाती उचलते व समोरच्या माणसाकडे सरळ पाहू लागते. पाचव्या-सहाव्या महिन्यात कोपरे सरळ होतात आणि उघड्या तळव्यांवर अर्धे शरीर तोलले जाते. या उघड्या तळव्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जमिनीवर भार देता देताच मिटलेली मूठ उलगडते, मनगट व खांदा बळकट होतात. पुढे भाकरीचा तुकडा मोडणारा, गुंडी लावणारा आणि पाटीवर अक्षर काढणारा हात येथे तयार होत असतो. मग एका हातावर तोल सांभाळून दुसरा हात खुळखुळ्याकडे जातो, पोटावर गोल फिरणे सुरू होते, त्यातून सरपटणे आणि सरपटण्यातून रांगणे.

यात नवे काय, असे येथे बसलेल्या आजींच्या मनात आले असेल, आणि ते रास्तच आहे. आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला आपल्या नडग्यांवर पालथे घेते, पाठीला तेल चोळते आणि कोमट पाणी घालते. तिच्या पायांच्या उतारावर बाळ मान उचलू पाहते. या पद्धतीला कोणी ‘टमी टाइम’ म्हटले नाही, एवढेच. हातपाय जोराने ओढणे, नाकात-कानात तेल सोडणे, नाक दाबून सरळ करणे या गोष्टी तेवढ्या टाळाव्यात, असे आम्ही मालिश करणाऱ्या मावशींना सांगत असतो. परंतु बाकीच्या पद्धतीविषयी आमच्या मनात आदरच आहे. अडचण वेगळीच आहे. बहुतेक घरांत मावशी येतात त्या सव्वा महिना, फार तर दोन महिने. बाळाची मान उचलण्याची खरी उमेद ज्या वेळी सुरू होते, नेमक्या त्याच वेळी त्यांचे येणे थांबते. त्यानंतर बाळ पाळण्यात, झोळीत, मांडीवर आणि अलीकडे बाउन्सर नावाच्या खुर्चीत असते, म्हणजे दिवसभर पाठीवरच. आणि हल्ली त्याच्या डोळ्यांपुढे मोबाइल धरलेला असतो.

आता झोपेविषयी. यात जराही तडजोड नको, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो. पाश्चात्त्य देशांत एके काळी बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जात असे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील गाजलेल्या पुस्तकात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हाच सल्ला होता आणि त्यामागे हेतू चांगलाच होता. उलटी झाली तर ती घशात अडकू नये, असा तो विचार. पुढे तेथील संशोधनातून असे दिसून आले, की पालथ्या झोपणाऱ्या तान्ह्या बाळांत झोपेतच अकस्मात मृत्यू येण्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेत त्यानंतरच्या दहा वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सल्ल्यातला एक शब्द बदलून इतके जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी असतील.

मात्र या यशाची एक बाजू हळूहळू ध्यानात आली. बाळे रात्रीही उताणी आणि दिवसाही उताणीच राहू लागली. त्यामुळे डोक्याचा मागचा किंवा एका बाजूचा भाग चपटा झालेली बाळे दवाखान्यांत अधिक दिसू लागली, आणि पालथे पडणे, सरपटणे या गोष्टी काहीशा उशिरा होऊ लागल्या. म्हणून त्या मोहिमेला दुसरे वाक्य जोडावे लागले: झोप पाठीवर, खेळ पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात सांगितले आहे, की अद्याप रांगू न लागलेल्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर असावे, त्याला सलग एका तासाहून अधिक काळ बांधून वा अडकवून ठेवू नये आणि पहिल्या वर्षात त्याला पडद्यासमोर मुळीच बसवू नये.

डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी वापरण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती उशी तान्ह्या बाळाच्या झोपेत नको. अंथरूण सपाट व घट्ट असावे, तोंडाजवळ मऊ गादी, उशी, सैल दुपटे नसावे. डोक्याचा आकार राखण्यास दिवसाचा पालथा खेळ आणि झोपवताना डोक्याची दिशा आलटून-पालटून ठेवणे बहुधा पुरेसे होते. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर मात्र ते आम्हांला दाखवावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या घरी याच बाबतीत मोठा गोंधळ होतो. ज्याला आपण सारे ‘काचेची पेटी’ म्हणतो, त्या पेटीत आमच्या परिचारिका अशा बाळांना कधी कधी पालथे ठेवतात, कारण त्या स्थितीत त्यांचा श्वास सुलभ होतो. काचेपलीकडून आई-वडील हे पाहत असतात. घरी गेल्यावर तेही तसेच झोपवतात, आणि रुग्णालयातच तर असे झोपवत होते, असे आम्हांला सांगतात. त्यांचे काहीच चुकत नाही. परंतु पेटीत त्या बाळाच्या प्रत्येक श्वासावर यंत्राची व परिचारिकेची नजर असते. घरी रात्री दोन वाजता सारे झोपलेले असतात. म्हणूनच घरी पाठवण्याच्या काही दिवस आधीपासून आम्ही बाळाला उताणे झोपवू लागतो आणि ते आईला मुद्दाम दाखवतो.

या बाळांचा पहिला पालथा खेळ खरे तर आईच्या छातीवरच सुरू होतो. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे तेथील डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्यास आरंभ केला. तीच आज सर्वत्र कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाते. आपल्या नवजात कक्षात आरामखुर्चीत रेलून बसलेल्या माता आपण पाहिल्या असतील. वडीलही ही सेवा करू शकतात, आणि एकदा संकोच गेला की ते जागचे उठत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

पालथा खेळ केव्हा व कसा, हा प्रश्न रोज येतो. पूर्ण दिवसांचे, सुदृढ बाळ घरी आल्यापासून लगेच आरंभ करण्यास हरकत नाही. नाळ गळण्याची वाट पाहावी, असे ज्यांना वाटते त्यांनी तोवर बाळाला आपल्या छातीवर घ्यावे. सुरुवात एक-दोन मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. दुपटे बदलल्यावर किंवा आंघोळीआधी बाळ जागे व समाधानी असते, ती वेळ उत्तम. दूध पाजल्यानंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. जमिनीवर सतरंजी किंवा घट्ट घडीची गोधडी अंथरावी. पलंग नको, मऊ गादी नको. बाळाचे हात खांद्याखाली घ्यावेत. मान उचलणे जड जात असेल तर छातीखाली पंचाची लहानशी गुंडाळी ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, स्वतः खाली आडवे होऊन आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणावा. तान्ह्या बाळाला आईच्या चेहऱ्यासारखे खेळणे कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते रडू लागले तर उचलून घ्यावे, थोड्या वेळाने पुन्हा ठेवावे. रडवून बळ येत नाही. त्याचे डोळे मिटू लागले की तत्क्षणी उताणे करावे. बाळाला पालथे ठेवून स्वयंपाकघरात जाणे, दार उघडायला जाणे, हे कधीही करू नये. पोटावर दाब येऊन आतडी दुखावतील ही भीती निराधार आहे.

पुष्कळ माता महिन्यांचा हिशेब ठेवतात आणि शेजारच्या बाळाशी तुलना करून कष्टी होतात. त्यांच्यासाठी काही आकडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी बाळांच्या हालचालींचा पाठपुरावा करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार आधाराविना बसणे सुमारे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकते आणि आधाराविना चालणे सुमारे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. शंभरातील चार बाळे तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही उत्तम चालली. निरोगी बाळांमध्येही एवढे अंतर असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाने सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखे वागावे, हीच अपेक्षा योग्य. आणि बाळाला लवकर चालते करण्यासाठी आत बसवण्याचा चाकांचा वॉकर कृपया आणू नये. त्याने चालणे लवकर येत नाही आणि पायऱ्यांवरून पडण्याचे अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून शहाणा होता, कारण तो ढकलण्यासाठी बाळाला आधी स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

असे असले, तरी ‘होईल हळूहळू’ या दोन शब्दांनी किती नुकसान होते, हे सांगितल्यावाचून आम्हांला खाली बसता येणार नाही. दीड वर्षाचे मूल ‘अजून चालत नाही’ म्हणून आमच्याकडे येते. आईला विचारत गेले की सारे उलगडत जाते. चौथ्या महिन्यात मान धरत नव्हते. अंगठा मुठीतच असायचा. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. एकच हात पुढे यायचा, म्हणून घरात सर्वांना ते डावखुरे वाटले. आईने हे सारे पाहिले होते, बोलूनही दाखवले होते, आणि ‘याचा बापही उशिराच चालला’ असे म्हणून तिला गप्प केले गेले होते. चार महिन्यांपर्यंत मान न सावरणे, मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे, नऊ महिन्यांपर्यंत न बसणे, आलेली गोष्ट पुन्हा जाणे, अंग ताठ किंवा अगदी ढिले वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात यावे. कुणी काहीही म्हणो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण माता स्वतःला फार लवकर दोष देतात. पालथा खेळ कमी पडला म्हणून सेरेब्रल पाल्सी होत नाही, आणि तो केल्याने ती बरीही होत नाही. तिचे कारण मेंदूला झालेल्या इजेत असते. परंतु सतरंजीवरच्या त्या काही मिनिटांत ती इजा लवकर नजरेस येते. आज तज्ज्ञ निरीक्षकाला बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींवरून, तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातच, धोक्याचा बराच विश्वासार्ह अंदाज बांधता येतो. या वयात मेंदू सर्वाधिक घडणक्षम असतो, म्हणून तेव्हा सुरू झालेल्या उपचारांना जो वाव असतो तो दीड वर्षानंतर उरत नाही.

त्यासाठी बाळ आमच्यापर्यंत पुन्हा यावे लागते, आणि घोडे पेंड खाते ते येथे. पेटीतून सुखरूप घरी गेलेले प्रत्येक बाळ तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व बाराव्या महिन्यात पाहिले जावे, अशी आमची धडपड असते. परंतु आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचे मान धरण्यापासून बसण्यापर्यंतचे सारे महिने फडावर जातात. दिवसभर ते झोळीत असते, कारण खाली पाचट, कोयते आणि बैलगाड्या. आईला आम्ही सतरंजीचा उपदेश करावा तरी कोणत्या तोंडाने? तिला आम्ही एवढेच सांगतो, की दुपारी भाकरी खायला टेकशील तेव्हा बाळाला मांडीवर आडवे, पालथे घे, आणि रात्री कोपीत अंगावर घे. तेवढेही चालते. गावात आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत व पुढे तिसऱ्या महिन्यापासून ठरावीक वेळी घरी येतात, परंतु घराला कुलूप असले तर त्या तरी कोणाला भेटणार?

देणगीदारांना आमची विनंती याच संदर्भात आहे. आपल्या औदार्यातून पेट्या आल्या, श्वासयंत्रे आली, त्यांवर नामफलक लागले, आणि ते लागावेतच. परंतु पेटीने वाचवलेले बाळ पुढे कसे वाढते, हे पाहण्याच्या कामावर फलक लावण्यास जागा नाही. सतरंजीवर नाव कोरता येत नाही. आम्हांला हवे आहे ते पाठपुराव्यासाठी येणाऱ्या आईचे बसभाडे व बुडालेल्या दिवसाची मजुरी, कुटुंब ज्या कारखान्याच्या हद्दीत गेले आहे तेथपर्यंत महिन्यातून एकदा जाणारी गाडी, आणि लहान मुलांच्या उपचारांचे खास शिक्षण घेतलेल्या आणखी एका फिजिओथेरपिस्टचे वेतन. विश्वस्त मंडळाने यासाठी स्वतंत्र निधी उघडावा, असा आमचा लेखी प्रस्ताव आज अध्यक्ष महोदयांकडे दिला आहे.

आता चहापानानंतर तळमजल्यावरील फिजिओथेरपी कक्षात सतरंज्या अंथरलेल्या असतील. ज्यांची बाळे जागी आहेत आणि नुकतीच दूध प्यालेली नाहीत, त्यांनी तिकडे यावे. झोपलेल्यांना उठवू नये. आजींनी अवश्य यावे, कारण पायांवर बाळाला पालथे घेण्याची रीत आमच्या नव्या विद्यार्थिनींना त्यांच्याकडूनच शिकायची आहे.